‘एक आहे ना!’ म्हणून थांबू नका

‘एक आहे ना पदरात, मग घाई कसली? राहील आज ना उद्या.’ दुसऱ्या मुलासाठी वर्षभर वाट पाहणाऱ्या जोडप्याला हे वाक्य घरात ऐकायला मिळते, शेजारी ऐकायला मिळते आणि कधीकधी दवाखान्यातही ऐकायला मिळते. बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो, परिणाम मात्र उलटा होतो. लग्नाला वर्ष झाले आणि पाळी चुकली नाही, तर घरचे लोक सुनेला लगेच दवाखान्यात नेतात. एक मूल असलेली बाई मात्र तीन-तीन, चार-चार वर्षे तशीच काढते. ती डॉक्टरांपर्यंत पोहोचते तेव्हा पस्तिशी उलटलेली असते आणि एरवी साध्या गोळ्यांनी सुटला असता असा प्रश्न अवघड होऊन बसलेला असतो.

वैद्यकशास्त्राची व्याख्या पहिल्या आणि दुसऱ्या मुलात फरक करत नाही. कोणतेही साधन न वापरता बारा महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. आधी कधीतरी दिवस गेले असतील, मग ते मूल जन्मले असो वा गर्भपात झालेला असो, तर ते दुय्यम वंध्यत्व. ‘दुय्यम’ हा शब्द क्रम सांगतो, महत्त्व सांगत नाही. जगात दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केले. त्यात एक मूल असलेलीही बरीच जोडपी असतात. ती बोलत नाहीत, कारण मूल नसलेल्यांपुढे आपले दुःख सांगायची त्यांना लाज वाटते आणि मुले असलेल्यांना ते दुःख वाटतच नाही.

डोंगरावरून खाली उतरण्याची किंमत

ही दिरंगाई कशी घडते ते समजून घ्यायला कर्जत तालुक्यातील माथेरान हे चांगले उदाहरण आहे. २०११च्या जनगणनेत पाच हजारांच्याही आत लोकसंख्या असलेले हे गाव मोटारींना बंद आहे. वाहने दस्तुरी नाक्यापर्यंत येतात. पुढे पायी, घोड्यावर, अलीकडे ई-रिक्षाने किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने जायचे. गावात नगरपरिषदेचे बी. जे. रुग्णालय आहे. तापापासून किरकोळ जखमेपर्यंतचे काम तिथे होऊ शकते. वंध्यत्वाच्या तपासण्यांसाठी मात्र खाली उतरावे लागते. गावातून दस्तुरी, दस्तुरीहून टॅक्सीने नेरळ, नेरळहून लोकलने कर्जत किंवा उलट दिशेला कल्याण, मुंबई. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकिनारी.

समजा, नवरा घोडेवाला आहे, बायको लॉजमध्ये काम करते आणि मुलगी तिसरीत आहे. तपासणीचा एक दिवस म्हणजे दोघांची मजुरी बुडाली, घोड्याची सोय लावायची आणि मुलीला कोणाकडे तरी ठेवायचे. त्यात ‘हा रिपोर्ट परवा मिळेल’, ‘त्या तपासणीला पाळीनंतर या’, ‘साहेब आज रजेवर आहेत’ असे झाले, तर तीन फेऱ्यांचे काम सात फेऱ्यांवर जाते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर ते जोडपे येणे सोडून देते. यात त्या दोघांचा निष्काळजीपणा नाही. आजारी नसलेल्या माणसाने, घरात एक मूल असताना, किती दिवसांची मजुरी सोडावी याचा हिशेब त्यांनी केलेला असतो. म्हणून अशा गावांसाठी उपचाराइतकेच तपासण्यांचे वेळापत्रकही महत्त्वाचे ठरते.

पहिल्या वेळी राहिले, मग आता काय बिघडले?

हा प्रश्न प्रत्येक जोडपे विचारते आणि त्याला उत्तर असते. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नाच्या मध्ये काही वर्षे गेलेली असतात, एक बाळंतपण झालेले असते आणि दोन्ही शरीरे बदललेली असतात.

सर्वांत मोठा बदल वयाचा. स्त्रीच्या बीजांडांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. तो वाढत नाही, कमीच होत जातो. पस्तिशीनंतर ही घट वेग घेते आणि बीजांडांची प्रतही उतरते. पहिले मूल सव्विसाव्या वर्षी सहज झाले, म्हणून सदतिसाव्या वर्षी तसेच होईल असे नाही.

दुसरे कारण गर्भनलिका. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा पिशवी साफ केल्यानंतर जंतुसंसर्ग झाला आणि तो अर्धवट बरा झाला, तर नलिका आतून चिकटू शकतात. बाईला त्यानंतर वर्षानुवर्षे काहीही त्रास जाणवत नाही. वारंवार किंवा जोराने पिशवी खरवडली गेली असेल तर गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पाळीचा स्राव खूप कमी होतो. सिझेरियननंतर पोटात आतडी-नलिका चिकटण्याची शक्यता असते.

आपल्याकडे क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. फुप्फुसाचा क्षय खोकल्याने कळतो. जननेंद्रियांचा क्षय मात्र गुपचूप नलिकांमध्ये राहतो, ना ताप, ना खोकला. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासून आणि इतर पुराव्यांची जोड देऊन त्याचे निदान करतात. औषधे साधारण सहा महिने घ्यावी लागतात आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत मिळतात. मात्र नलिका खराब होण्याआधी निदान झाले, तरच त्याचा मूल होण्यासाठी उपयोग.

थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन हार्मोन वाढणे, बाळंतपणानंतर वाढलेले वजन आणि त्यासोबत अनियमित झालेली पाळी ही कारणेही नेहमीची आहेत आणि त्यांवरचे उपचार तुलनेने सोपे आहेत. एक दुर्मीळ पण ओळखायलाच हवा असा प्रकार आहे. पहिल्या बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, नंतर अंगावर दूध आले नाही, पाळीही परतली नाही आणि बाई कायम थकलेली असते, अशा वेळी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीला इजा झालेली असू शकते. हे सगळे ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये. मुलासाठी तर नाहीच, तिच्या स्वतःच्या जिवासाठीही नाही.

डोंगराची चढउतार, डोक्यावरचे ओझे किंवा घोड्यावरचा प्रवास यांना मात्र दोष देण्याचे कारण नाही. त्यामुळे वंध्यत्व येत नाही.

आधी नवऱ्याची तपासणी

पहिले मूल झाले म्हणजे पुरुषात दोष नाही, हे घराघरांत गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे आहे. मधुमेह, तंबाखू, दारू, वृषणाच्या शिरा फुगणे, गोवर-गालगुंडासारख्या तापांपैकी गालगुंडाने वृषणाला आलेली सूज, पीळदार शरीरासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने, यांतले काहीही मधल्या वर्षांत घडलेले असू शकते. वंध्यत्वाच्या कारणांमध्ये पुरुषाचा वाटा मोठा असतो. कधी तो एकटाच असतो, कधी स्त्रीच्या कारणासोबत असतो.

वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त आणि बिनवेदनेची तपासणी आहे. तरीही ती बहुतेकदा शेवटी होते. तोवर बायकोचे रक्त, सोनोग्राफी, नलिकांची तपासणी, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा होऊन गेलेली असते. हा क्रम उलटवायला हवा. पहिल्याच भेटीत नवरा सोबत हवा आणि त्याचा नमुना पहिला हवा.

या तपासणीचे दोन नियम आहेत. आधीचे दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा. दुसरा नियम माथेरानच्या माणसाला घरून पाळणे अशक्यप्राय आहे. म्हणून नमुना प्रयोगशाळेतच द्यावा आणि तिथे बंद खोलीची सोय आहे का हे आधी विचारून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या नियमावलीनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यांतले ४२ टक्के हालचाल करणारे, ही खालची मर्यादा धरतात. आकडा याहून कमी आला म्हणजे सगळे संपले असे नसते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मधला ताप, आजारपण, व्यसन यांमुळेही आकडा पडतो. तपासणी पुन्हा करायची आणि मगच निष्कर्ष काढायचा.

थोडे थांबण्याची कारणे

प्रत्येक विलंब हा आजार नसतो. बाळाला पूर्ण अंगावर पाजत असताना बीजांड सुटणे लांबते. ‘अंतरा’ हे सरकारी केंद्रात मोफत मिळणारे तीन महिन्यांचे इंजेक्शन थांबवल्यावर, शेवटच्या इंजेक्शनपासून पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. हे उशिरा होणे आहे, कायमचे नुकसान नाही. तांबी काढल्यावर मात्र असे थांबावे लागत नाही. ‘तांबीमुळे वांझपण आले’ हा समज चुकीचा आहे.

दिवसांचे गणितही पाहावे. दिवस राहण्याची शक्यता महिन्यातल्या साधारण सहाच दिवसांत असते, बीजांड सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस. पुढची पाळी ज्या दिवशी अपेक्षित आहे त्याच्या सुमारे चौदा दिवस आधी बीजांड सुटते. नवरा मुंबई-पुण्यात कामाला असेल किंवा मोसमात हॉटेलातच राहत असेल आणि त्याचे घरी येणे या दिवसांशी जुळत नसेल, तर वर्ष उलटले तरी खरा प्रयत्न झालेलाच नसतो. अशा जोडप्याला औषधाआधी कॅलेंडर लागते. या काळात दोन-तीन दिवसांआड संबंध पुरेसा असतो.

कधी जायचे आणि काय करायचे

बाईचे वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभराने, पस्तीस उलटले असेल तर सहा महिन्यांनी आणि चाळिशीजवळ असेल तर लगेच डॉक्टरांना भेटावे. पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी क्षय झालेला असेल, मागच्या बाळंतपणात किंवा गर्भपातात गुंतागुंत झाली असेल किंवा नवऱ्याच्या वृषणाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर वर्ष मोजत बसू नये.

प्राथमिक तपासण्या नीट आखल्या तर तीन फेऱ्यांत होतात. पहिल्या फेरीत दोघांनी जायचे. नवऱ्याची वीर्यतपासणी, दोघांची रक्तशर्करा, बाईचे हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी. दुसरी फेरी पाळीचा स्राव थांबल्यावर, पाळीच्या दहाव्या दिवसाच्या आत. त्या वेळी गर्भाशयात रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी नलिका मोकळ्या आहेत का ते पाहतात. तिसरी पुढच्या पाळीच्या सुमारे एक आठवडा आधी, बीजांड सुटले की नाही हे सांगणाऱ्या रक्ततपासणीसाठी. हे रक्त जवळच्या रुग्णालयात काढून नमुना पुढे पाठवण्याची व्यवस्था झाली, तर एक फेरी आणखी वाचते. सोबत पहिल्या बाळंतपणाचे, सिझेरियनचे, गर्भपाताचे सर्व कागद न्यावेत. एक जुने डिस्चार्ज कार्ड कधीकधी दोन तपासण्या वाचवते. आणि पहिल्या दिवसापासून बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे.

बऱ्याच जोडप्यांचा प्रश्न इथेच सुटतो. थायरॉइडची गोळी, वजन थोडे कमी करणे, बीजांड सुटण्यासाठी पाच दिवसांच्या लेट्रोझोलच्या गोळ्या, नवऱ्याचे तंबाखू सोडणे, साखर आटोक्यात आणणे. यांचा खर्च मोठा नाही. तालुक्याच्या पातळीवर कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय ही पहिली पायरी असावी. पुढच्या उपचारांसाठी मुंबईची मोठी सरकारी आणि पालिका रुग्णालये कर्जत लोकलच्या एका प्रवासावर आहेत. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी भारतातल्या शास्त्रीय नोंदी असलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे प्रथम रुजले ते एका पालिका रुग्णालयात. आज त्याचा बहुतांश पसारा खासगी केंद्रांत आहे. तिथे एका वेळचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत.

म्हणून जाहिरात पाहून थेट आयव्हीएफ केंद्राकडे जाणे ही पहिली पायरी नव्हे. दोन्ही नलिका बंद असतील, शुक्राणू फारच कमी असतील किंवा वय हाताबाहेर चालले असेल, तर आयव्हीएफची गरज पडते आणि तेव्हा उशीरही करू नये. पण शेत गहाण टाकण्याआधी किंवा घोडा विकण्याआधी वरच्या साध्या तपासण्यांचे कागद हातात हवेत. २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने प्रत्येक केंद्राला नोंदणी बंधनकारक केली आहे आणि उपचारासाठी वयाची मर्यादा स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांच्या आत ठेवली आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

मुलगाच हवा असेल तर?

दुसऱ्या मुलाच्या ओढीत पुष्कळदा मुलाची, म्हणजे मुलग्याची, ओढ लपलेली असते. पहिली मुलगी असेल तर बाईवरचा दबाव दुप्पट होतो. यावर वैद्यकाचे उत्तर एकच असू शकते. गर्भधारणेपूर्वी असो वा नंतर, लिंग निवडणे हा गुन्हा आहे. या विषयावर देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला आणि सहायक प्रजननाच्या नव्या कायद्यातही त्यासाठी कारावासाची तरतूद आहे. ‘मुलगाच होईल’ असे सांगणारे औषध देणारा वैदू असो वा केंद्र, तिथून उठून यावे.

आणि शेवटी मूल झाले नाही तर? एका मुलाचे कुटुंब अपुरे नसते. ज्यांना आणखी मूल हवेच आहे त्यांना कायदेशीर दत्तकाचा मार्ग खुला आहे. एक मूल असलेले जोडपेही त्यासाठी अर्ज करू शकते. घरात जे मूल आहे त्याच्यासमोर ‘तुला भाऊ नाही’ म्हणून उसासे टाकू नयेत. ते सगळे ऐकत असते.

नोंदवहीत एक प्रश्न

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. आधी कधी स्त्रीरोगांसाठी तपासणी आणि उपचार झाले होते अशा स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. अशाच दुर्लक्षित संसर्गातून नलिका खराब होतात. बाई गरोदर असेल किंवा तिला कुटुंबनियोजन करायचे असेल, तेवढ्यापुरतीच ती आरोग्य व्यवस्थेला दिसते, हे त्या अभ्यासाने दाखवले. आजही हे पुरते बदललेले नाही. आरोग्यसेविकांकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते. मुले किती, साधन कोणते, हे तिच्यात लिहितात. एक मूल असलेली आणि साधन न वापरणारी बाई समोर आली की तिला साधनांची माहिती दिली जाते. तिला मूल हवे आहे का आणि ती किती दिवस वाट पाहते आहे, हे विचारायला त्या नोंदवहीत रकाना हवा.

लोकसंख्या वाढत असताना सरकारने यावर खर्च का करावा, असे कोणी म्हणेल. उत्तर सरकारच्याच कागदांत आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा बराच खाली. राज्य शासनाच्या २००५च्या नियमांत लहान कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि दोन मुले. दुसरे मूल मागणारे जोडपे त्या व्याख्येच्या आतच आहे. नको असताना मूल होऊ नये यासाठी जी व्यवस्था वाडीवस्तीवर पोहोचते, तिने हवे असताना न होणाऱ्या मुलाचीही चौकशी करायला हवी. त्यासाठी नवीन इमारत लागत नाही. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून ठरलेला एक दिवस, त्या दिवशी वीर्यतपासणी, सोनोग्राफी आणि रक्त एकाच ठिकाणी, आणि आशाताईला विचारायला शिकवलेला एक प्रश्न, एवढे पुरे आहे.

तोवर जोडप्यांनी आपले वेळापत्रक आपणच आखावे. माथेरानचा मोसम जूनमध्ये ओसरतो, नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद होते आणि हाताला काम कमी असते. पावसाळ्याच्या त्या तीन-चार महिन्यांत दोघांच्या प्राथमिक तपासण्या पूर्ण होऊन उपचाराची दिशा ठरू शकते. पस्तिशी उलटलेल्यांनी मात्र तेवढीही वाट पाहू नये. येत्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्या महिन्यातच दोघांनी मिळून खाली उतरावे.